नवी कोंबडी आधी महिनाभर वेगळी ठेवावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला परसातील कोंबडीपालनावरचा लेख मी आवडीने वाचला. खुराड्याचे झरोके किती उंचीवर असावेत, अंडी घालण्याच्या खोक्यात काय अंथरावे, तळाच्या अंथरणाची गादी किती दिवसांनी हलवावी, ही माहिती नेमकी होती आणि लेखकाने ती स्वतः करून पाहिलेली आहे हे जाणवत होते. मात्र नव्याने आणलेल्या कोंबड्यांविषयी शेवटी जो दोन ओळींचा सल्ला आहे, त्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. नव्या कोंबड्या अंधार पडल्यावर जुन्यांच्या शेजारी दांडीवर ठेवाव्यात, म्हणजे सकाळपर्यंत त्या आपसूक सामावून जातात, अशा अर्थाचा तो सल्ला आहे. ही युक्ती कोंबड्या पाळणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असते आणि ती अगदीच खोटी नाही, कारण अंधारात कोंबडीला फार कमी दिसते आणि दांडीवर बसल्यावर ती भांडायला उतरत नाही. परंतु ही युक्ती या कामाच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर येते. तिच्याआधी निदान सहा आठवड्यांचे काम असते आणि लेखात त्याचा उल्लेखच नाही.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहीत आहे. काही वर्षांपूर्वी मी तीन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, आणल्या. पिसे चकचकीत, तुरे लालीकडे झुकलेले, डोळे स्वच्छ, खाण्यावर तुटून पडणाऱ्या. चार दिवस त्यांना वेगळ्या पिंजऱ्यात ठेवले, काही दिसले नाही, आणि पाचव्या रात्री लेखात सांगितल्याप्रमाणेच त्यांना दांडीवर नेऊन बसवले. सकाळी थोडी टोचाटोची झाली आणि आठवडाभरात तीही मिटली. त्यानंतर दोनेक आठवड्यांनी माझ्या सर्वांत जुन्या कोंबडीच्या डोळ्याच्या कोपऱ्यात साबणाच्या बुडबुड्यासारखा फेस दिसला. तो मी कापसाने पुसला. संध्याकाळी पुन्हा आला. रात्री खुराड्याच्या दाराशी कान लावला तेव्हा आतून एकीच्या श्वासाबरोबर बारीक घरघर ऐकू येत होती, आणि तिसऱ्या रात्री तो आवाज तिघींचा झाला. पशुवैद्यांनी रक्ताची तपासणी करवून घेतली, त्यात मायकोप्लाझ्माचा संसर्ग निघाला. ज्या तीन तलंगांबरोबर तो आला, त्या स्वतः अखेरपर्यंत शिंकल्यासुद्धा नाहीत.

या जिवाणूची खोड अशी, की औषधाने लक्षणे बसतात पण कोंबडी वाहक राहते ती जन्मभर. त्याला पेशीभित्तिका नसल्यामुळे पेनिसिलिनच्या जातीची औषधे त्याच्यावर चालतच नाहीत. जी चालतात तीही त्याला दाबून ठेवतात, मुळासकट काढत नाहीत. तो अंड्यातून पिल्लात उतरतो, म्हणून अशा कोंबड्यांची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवणे बंद करावे लागते. कोंबड्या कुणाला देता येत नाहीत आणि नव्या आणताही येत नाहीत. पाचव्या रात्रीऐवजी तिसाव्या दिवसापर्यंत थांबले असते आणि मग जुनी एक कोंबडी आधी त्यांच्यात ठेवून पाहिली असती तर हे टळलेच असते असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण टळण्याची शक्यता पुष्कळ होती, आणि ती मी घाईपायी घालवली.

चार दिवस पुरत नाहीत, याचे कारण रोगांच्या सुप्त काळात, म्हणजे संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळात आहे. ज्याला पाळणारे नुसते सर्दी म्हणतात तो कोरायझा एक ते तीन दिवसांत चेहरा सुजवून आणि नाकाला दुर्गंधी आणून स्वतःला जाहीर करतो. तो चार दिवसांत सापडेल. मानमोडीला, म्हणजे राणीखेत रोगाला, दोन दिवसांपासून पंधरा दिवसांपर्यंत लागू शकतात. स्वरयंत्र आणि श्वासनलिका यांच्या सांसर्गिक दाहाला सहा ते बारा दिवस लागतात, देवीचे फोड दिसायला चार ते दहा, आणि मायकोप्लाझ्माला साधारण सहा ते एकवीस. उवांची अंडी फुटून त्यांच्या प्रौढ उवा व्हायला सुमारे तीन आठवडे जातात. ही सगळी गणिते एकत्र ठेवली की जाणकार तीस दिवस का सांगतात ते कळते. (आपण सर्वांनी अलीकडच्या महासाथीत पाठ केलेला क्वारंटाइन हा शब्द मुळात चाळीस दिवसांचा, पण १३७७ साली रगुसा, म्हणजे आजचे दुब्रोव्हनिक, या बंदराने साथीच्या प्रदेशांतून येणाऱ्यांना वेगळे ठेवण्याचा नियम केला तेव्हा त्याची मुदत तीस दिवसांचीच होती. कोंबड्यांच्या बाबतीत आपण त्या जुन्या आकड्यावर येऊन थांबतो, याची मला गंमत वाटते.)

त्यात भर म्हणजे कोंबडी आजार लपवते. कळपातली अशक्त दिसणारी कोंबडी टोचली जाते, म्हणून बरे नसतानाही ती बरी असल्यासारखी वावरते. दाणा टाकला की धावत येते, चोच मारल्यासारखे करते आणि प्रत्यक्षात काही खात नाही. दुसरीकडे, जागा बदलणे, पिंजऱ्यातून प्रवास आणि अनोळखी माणसे यांचा ताण असा असतो की आतापर्यंत गप्प असलेला संसर्ग नेमका या दिवसांत डोके वर काढतो आणि वाहक कोंबडी याच काळात अधिक जंतू बाहेर टाकते. म्हणजे नवी कोंबडी जुन्यांत मिसळायला सर्वांत वाईट वेळ कोणती, तर ती आल्याआल्याचीच.

वेगळे ठेवणे म्हणजे खुराड्याच्या पलीकडच्या भिंतीला लागून पिंजरा ठेवणे नव्हे. हवेतून आणि धुळीतून जे जाते त्याला जाळी अडवत नाही. शक्य तितके दूर, निदान दहाबारा मीटर तरी, आणि वारा नव्यांकडून जुन्यांकडे वाहणार नाही अशा बाजूला त्यांची जागा असावी. दाण्याचे भांडे, पाण्याचे भांडे, खराटा, घमेले हे सगळे वेगळे हवे. रोजचा क्रम आधी जुन्या कोंबड्या आणि मग नव्या, असाच ठेवावा. तो उलटा झाला तर दूर ठेवलेल्या पिंजऱ्याला अर्थ उरत नाही, कारण मधले अंतर आपण स्वतःच चालून जातो. नव्यांकडे जाताना घालायच्या चपला आणि एक जुना सदरा मी तिथेच खुंटीवर टांगून ठेवत असे. हात साबणाने धुवावेत, हे खरे तर आपल्यासाठीही आवश्यक आहे, कारण धडधाकट दिसणारी कोंबडीही साल्मोनेला हे माणसाचे पोट बिघडवणारे जिवाणू बाळगून असू शकते. एकाच ठिकाणाहून आणि एकाच दिवशी आणलेल्या कोंबड्या एकत्र ठेवायला हरकत नाही. मात्र विसाव्या दिवशी त्यांच्यात आणखी एक आणून टाकली, तर सगळ्यांची मोजणी पहिल्या दिवसापासून सुरू होते. ही चूक इतकी सर्रास होते की तिच्यासाठी लेखात वेगळी चौकट द्यायला हवी होती.

या महिन्यात नुसती वाट पाहायची नसते. आल्या दिवशीच प्रत्येक कोंबडी हातात घ्यावी. छातीचे मधले हाड सुरीच्या पाठीसारखे बोचत असेल तर पिसांच्या फुगाऱ्याखाली ती खंगलेली आहे असे समजावे. शेपटीखालची पिसे बाजूला करून पाहावे. उवा असतील तर त्या पळताना दिसतात, आणि पिसांच्या देठाशी साखरेचे दाणे चिकटल्यासारखे पांढरे गठ्ठे असतात, ती त्यांची अंडी. औषधाने उवा मरतात, अंडी मरत नाहीत, म्हणून सात ते दहा दिवसांनी पुन्हा औषध लावावे लागते, आणि हे दुसरे लावणेच बहुतेकजण विसरतात. पायांवरचे खवले वर उचलले जाऊन खाली पांढरट भुकटी जमली असेल तर तो खवल्यांखाली राहणाऱ्या माइट या बारीक किड्याचा उपद्रव असतो; पाय धुऊन त्यांवर पेट्रोलियम जेलीचा जाड थर काही आठवडे नियमित लावला की तो उतरतो. खवले ओरबाडून काढण्याचा मोह टाळावा.

लाल माइटचे प्रकरण निराळे आहे, कारण दिवसा तो कोंबडीच्या अंगावर सापडतच नाही. तो रात्री येऊन रक्त पितो आणि उजाडायच्या आत फटीत शिरतो. कोंबड्या उजेडात कितीही तपासल्या तरी हाती काही लागत नाही आणि तुरे मात्र फिकट पडत जातात. त्याला पकडण्याचा सोपा उपाय म्हणजे अंधार पडल्यावर दोनेक तासांनी पांढरे फडके दांडीच्या खालच्या अंगाने आणि तिच्या टोकांशी, जिथे ती खोबणीत बसते तिथे, दाबून फिरवावे. फडक्यावर रक्ताच्या तांबड्या रेघा उमटल्या की शंका उरत नाही. उपाशीपोटी हा किडा कित्येक महिने तग धरतो, म्हणून कोंबड्या ज्या लाकडी खोक्यातून आल्या ते खोके खुराड्याजवळ आणूच नये.

शीट रोज पाहावी. पहिल्या एकदोन दिवसांत ती पातळ असेल तर बहुधा प्रवासाचा ताण असतो. दर आठदहा शिटांमागे एखादी तपकिरी, चिकट आणि उग्र वासाची असते, ती पाहून नवे पाळणारे हमखास घाबरतात. ती अंधांत्रातली, म्हणजे आतड्याला जोडलेल्या बंद पिशव्यांतली असते आणि अगदी निरोगी कोंबडीचीही तशीच असते. काळजी करायची ती रक्त दिसले तर. रक्ती हगवणीचे परजीवी उबदार आणि ओल्या गादीत एकदोन दिवसांत संसर्गक्षम होतात, त्यामुळे गादी कोरडी राखणे हा तिथे औषधाइतकाच मोठा उपाय आहे. जंतांसाठी शिटेचा नमुना पशुवैद्यकीय दवाखान्यात देऊन तपासून घेणे, हे अंदाजाने औषध पाजण्यापेक्षा केव्हाही बरे.

औषधाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. आणल्याआणल्या खबरदारी म्हणून पाण्यातून प्रतिजैविक देण्याची पद्धत मी अनेकांकडे पाहिली आहे. आपण ज्या लक्षणांची महिनाभर वाट पाहत बसणार आहोत, तीच त्या औषधाने झाकली जातात. औषध संपते, कोंबडी निर्दोष ठरवून आत जाते आणि रोग आत गेल्यावर प्रकट होतो. शिवाय औषध चालू असताना आणि त्यानंतर पशुवैद्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत त्या कोंबड्यांची अंडी खाता येत नाहीत, ते वेगळेच. आणि नव्या किंवा जुन्या कोंबड्यांत अचानक एकामागून एक मर सुरू झाली, तुरे निळे पडले, तोंडे सुजली, तर घरगुती उपाय करत न बसता, मेलेल्या कोंबड्या न उघडता आणि गुपचूप न पुरता, पशुसंवर्धन खात्याला कळवावे. ते बर्ड फ्लू असू शकते, आणि तिथे प्रश्न आपल्या खुराड्यापुरता राहत नाही.

तीस दिवस निर्विघ्न गेले तरी एक शंका राहतेच, कारण माझ्या तलंगांसारख्या वाहक कोंबड्या महिनाभरच काय, वर्षभरही लक्षण दाखवणार नाहीत. मरेक या विषाणूजन्य रोगाचेही तसेच आहे. त्याची लस गाठी आणि लुळेपणा यांपासून कोंबडीला वाचवते, पण तिला संसर्ग होणे किंवा तिच्याकडून तो पसरणे थांबवत नाही, आणि पिसांच्या कोंड्यातून पडलेला विषाणू खुराड्याच्या धुळीत महिनोन् महिने टिकतो. यावर जुन्या पाळणाऱ्यांचा एक कठोर पण उपयोगी उपाय आहे. महिना संपत आला की जुन्या कळपातली एक कोंबडी नेऊन नव्यांच्या पिंजऱ्यात ठेवावी आणि आणखी दोन आठवडे थांबावे. नव्या जे लपवून आहेत ते तिच्यावर उमटण्याची शक्यता असते. आपलीच एक कोंबडी अशी पणाला लावणे मनाला पटत नाही, हे मला मान्य आहे. मी ते त्या वेळी केले नाही आणि त्याची किंमत एकीने नव्हे, सगळ्या कळपाने मोजली. त्याची उलट बाजूही ध्यानात ठेवावी, की आपल्या जुन्या कोंबड्या काही धुतल्या तांदळासारख्या नसतात. आपल्या मातीतल्या रक्ती हगवणीच्या परजीवींची त्यांना सवय झालेली असते, नव्यांना नसते. म्हणून शेवटच्या टप्प्यात गडबडून आजारी पडते ती पुष्कळदा नवीच कोंबडी असते आणि दोष आपल्या अंगणाचा असतो.

आता मिसळण्याविषयी. कोंबड्यांतली उतरंड नॉर्वेचे थोरलेफ श्येल्डरूप-एब्बे यांनी १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांडली. कोण कोणाला टोचू शकते यावरून प्रत्येकीची पायरी ठरते, आणि कधी कधी पहिली दुसरीला, दुसरी तिसरीला आणि तिसरी पहिलीला टोचते असा त्रिकोणही पडतो, हे त्यांनी नोंदवले होते. नवी कोंबडी आली की ही उतरंड वरपासून खालपर्यंत पुन्हा ठरवावी लागते, आणि ती अंधारात ठरत नाही. म्हणून आधी दोन आठवडे जाळीआडचा शेजार हवा. आताचा पिंजरा दूर नको, खुराड्याच्या अंगणातच हवा. जाळीच्या दोन्ही बाजूंना दाण्याची भांडी समोरासमोर ठेवली म्हणजे त्या एकमेकींकडे पाहत खातात. पहिल्या दिवशी माना ताणून आणि मानेची पिसे फुलवून जाळीवर धडका देणाऱ्या कोंबड्या दोन आठवड्यांच्या शेवटी जाळीला पाठ लावून धूळस्नान करताना दिसल्या, की दार उघडायला हरकत नाही. आधी संध्याकाळचा तासभर, तोही आपण तिथे असताना.

एकटी कोंबडी कधीही सोडू नये. निदान दोघी हव्यात, म्हणजे टोचा वाटल्या जातात. सोळा आठवड्यांच्या आतल्या लहान तलंगा पूर्ण वाढलेल्या कोंबड्यांत घालणे मला तरी क्रूरपणाचे वाटते. दाण्यापाण्याची एकेक जोडी जास्त ठेवावी आणि दांडीवर प्रत्येकीला वीस ते पंचवीस सेंटिमीटर जागा मिळेल असे पाहावे. आडोसे असावेत, पण दोन्ही बाजूंनी निसटता येतील असे. एकच तोंड असलेला कोपरा हा कमजोर कोंबडीसाठी सापळा ठरतो. थोडी टोचाटोची, पाठलाग आणि दोनचार उपटलेली पिसे हे चालायचेच, आणि दर वेळी मध्ये पडलो तर ते भांडण कधी मिटतच नाही. रक्त दिसले मात्र तत्क्षणी त्या कोंबडीला बाहेर काढावे, कारण लाल रंगावर सगळा कळप तुटून पडतो. एकच कोंबडी सारखी मागे लागत असेल तर नवीला बाजूला न घेता त्या दांडगीलाच तीनचार दिवस वेगळे ठेवावे. परत येते तेव्हा तिचा दरारा ओसरलेला असतो.

खाद्याचाही विचार करावा लागतो. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात सुमारे साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते आणि अजून अंड्यावर न आलेल्या तलंगांच्या मूत्रपिंडांना ते सोसत नाही. सगळ्यांना वाढीचे खाद्य द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा; ज्यांना गरज आहे त्या तो खातात. या धामधुमीत जुन्यांची अंडी काही दिवस कमी झाली तर घाबरू नये.

आणि मग, या सगळ्यानंतर, लेखकमहाशयांची रात्रीची युक्ती जरूर वापरावी. फक्त दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी खुराड्याशी उभे राहावे, कारण दांडीवरून उतरल्यावर नव्या कोंबड्यांना बंद दाराआड पळायला जागा नसते आणि सर्वांत जास्त इजा त्या पहिल्या अर्ध्या तासात होते.

या लेखाचा पुढचा भाग आपण छापणार असाल, तर लेखकाने नव्या कोंबड्यांच्या महिनाभराच्या विलगीकरणाचा मजकूर त्यात अवश्य घालावा, अशी माझी विनंती आहे. परसात दोनचार कोंबड्या पाळू पाहणारे पुष्कळजण आपली पुरवणी कापून ठेवतात. मला स्वतःला तूर्त त्याचा उपयोग नाही. माझ्याकडे त्या कळपातल्या पाच कोंबड्या उरल्या आहेत, त्यांतल्या दोघी अजून अंडी देतात, आणि शेवटची जाईपर्यंत व त्यानंतर खुराडे धुऊन काही आठवडे रिकामे राहीपर्यंत मला एकही नवी आणायची नाही.

आपली नम्र,
एक नियमित वाचक